नोंदवहीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत : आदिलाबादच्या सीमाभागातील ग्रंथालय सेवक आणि नवी साधने

प्रस्तावना

ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा संस्थापक, देणगीदार, इमारत आणि ग्रंथसंख्या यांची माहिती देतो. पुस्तक दाखल करून घेणारा, त्यावर क्रमांक घालणारा आणि वाचकाने मागितल्यावर ते शोधून देणारा जो सेवक असतो, त्याची नोंद क्वचितच होते. वास्तविक, ग्रंथालयात कोणतेही नवे साधन येवो, ते चालते की धूळ खात पडते हे त्या सेवकावरच ठरते. कार्डाचे कपाट असो, संगणक असो किंवा आंतरजालावरील तालिका असो, प्रश्न तोच असतो. हे साधन वापरायला त्याला कोण शिकवणार, केव्हा शिकवणार आणि कोणत्या भाषेत शिकवणार?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात पाहावयाचा आहे. हा जिल्हा निवडण्याचे कारण असे की उर्दू, तेलुगू, मराठी आणि गोंडी या चार भाषा येथे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. एका लिपीत काम करणाऱ्या ग्रंथालयाला ज्या अडचणी जाणवतही नाहीत, त्या येथे पहिल्याच दिवशी समोर येतात. आपल्या कम्युनिटी कॉलेजांतील अध्यापकांना हा विषय परका वाटू नये. लहान महाविद्यालयात ग्रंथालयाची किल्ली बहुधा एकाच व्यक्तीकडे असते आणि कित्येकदा तीच व्यक्ती कार्यालयाचेही काम पाहते.

चार भाषांचा जिल्हा

पैनगंगा आणि गोदावरी या नद्यांच्या दरम्यानचा हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. म्हणजे ज्या कारकुनाने फारसीत दप्तर लिहायला शिकून घेतले होते, त्याला हयातीतच नव्या भाषेची सवय करावी लागली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उर्दू हे तेथील उच्च शिक्षणाचे माध्यम होते आणि त्यासाठी भाषांतर विभागाने विज्ञान, कायदा, इतिहास इत्यादी विषयांची पुस्तके उर्दूत आणली. त्याआधी, १८९१ मध्ये, सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या प्रयत्नांतून हैदराबाद शहरात आसफिया ग्रंथालयाची स्थापना झाली होती. आज ते राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्य विसर्जित झाले. आदिलाबाद जिल्ह्याचा मोठा भाग आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे मराठीबहुल तालुके द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि पुढे महाराष्ट्राचे झाले. पुन्हा २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य निर्माण झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. २०१७ मध्ये तेलंगणाने संपूर्ण राज्यासाठी उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला.

या घडामोडी येथे सांगण्याचे कारण एवढेच की प्रत्येक बदलाबरोबर दप्तराची भाषा बदलली, पण कपाटातील पुस्तके बदलली नाहीत. उर्दू, मराठी आणि तेलुगू पुस्तके एकाच फळीवर राहिली. ती वाचू शकणारा सेवक मात्र निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आलेल्याला त्यांपैकी एखादीच लिपी येत होती. नोंद न झालेले पुस्तक हरवलेले नसते, पण ते सापडतही नाही. साठापडताळणीच्या वेळी ते गेले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते होते याचाच पुरावा नसतो. सीमाभागातील ग्रंथालय सेवकाच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा नाही. त्या फळीवरचे काय उरणार हे त्याच्यावर अवलंबून आहे.

सेवकाला शिकवण्याची परंपरा

भारतात ग्रंथालय सेवकाला पद्धतशीर शिक्षण देण्याची सुरुवात एका मराठीभाषक राजाच्या संस्थानात झाली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. १९१२ पासून बडोद्याहून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. नवी पद्धत शिकवायची तर ती इंग्रजीतच शिकवली पाहिजे असे बडोद्याने मानले नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

१९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात असा डॉन डिकिन्सन यांनी असाच वर्ग सुरू केला. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी खलिफा मोहम्मद असदुल्लाह यांचे नाव आपण विशेष स्मरणात ठेवले पाहिजे. ते १९३० ते १९४७ या काळात कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल होते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९३५ मध्ये त्यांनी आपल्याच ग्रंथालयात प्रशिक्षणवर्ग सुरू केला. जे स्वतःला शिकायला मिळाले ते वीस वर्षांनी इतरांसाठी खुले करून देणारे असे हे गृहस्थ होते.

तिकडे मद्रासमध्ये शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांना हे काम नवे होते. लंडनला जाऊन ते शिकले, १९२९ मध्ये त्यांनी इतरांसाठी वर्ग काढला, १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे याबरोबरच पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. आदिलाबादसारख्या जिल्ह्यातील उर्दू किंवा गोंडी पुस्तकाचा विचार करताना या दुसऱ्या अर्ध्या भागाचे महत्त्व कळते. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाने १९५९ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू केले आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठामुळे नोकरी न सोडता शिकण्याचा मार्ग जिल्ह्यातील सेवकालाही मोकळा झाला. पुढे या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले.

मारलवाईचा अनुभव

नवे साधन शिकवण्याचा एक प्रयोग खुद्द आदिलाबादच्या जंगलभागातही झाला होता. तो ग्रंथालयाचा नव्हता, शाळेचा होता. परंतु आपल्या विषयाला तो फार जवळचा आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाकडे सोपवले. त्यांच्या सूचनेवरून १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. वाचनपुस्तके गोंडी भाषेत पण देवनागरी लिपीत तयार करण्यात आली, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती त्यांना ती मराठीतून झालेली होती.

या निर्णयामागील विचार सरळ आहे. शिकणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. भाषा ओळखीची असेल तर लिपी शिकता येते. भाषा, लिपी आणि विषय ही तिन्ही एकदम नवी असतील तर माणूस गप्प बसतो आणि आपण त्याला मंद समजतो. संगणकाच्या प्रशिक्षणात अर्ध्या शतकानंतर नेमकी हीच चूक वारंवार होताना दिसते. इंग्रजी पडदा, इंग्रजी पुस्तिका आणि अपरिचित काम एकदम समोर ठेवले जाते.

याच भागात हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांनी काम केले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. उर्दू आणि फारसीवर त्यांचे प्रभुत्व होते. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये निघाले आणि गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणेही त्यांनी लिहिली. चार भाषांचा हा जिल्हा एका माणसाच्या मेजावर कसा एकत्र येऊ शकतो याचे ते उदाहरण आहे. पगडींच्या नावाकडे आपल्याला पुढे पुन्हा वळायचे आहे.

कायदा आणि कर्मचारी

ग्रंथालय सेवकाला पगार, पद आणि प्रशिक्षण मिळायचे तर कायद्याचा आधार लागतो. संस्थानी मुलखात कोल्हापूरने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. १९४८ मध्ये मद्रासचा आणि १९५५ मध्ये हैदराबाद राज्याचा कायदा आला. त्या वेळी किनवट, राजुरा आणि आदिलाबाद एकाच राज्यात होते. वर्षभरात वाटा वेगळ्या झाल्या. आंध्र प्रदेशाने १९६० मध्ये आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये स्वतःचा कायदा केला.

या दोन कायद्यांची घडण भिन्न आहे. आंध्र प्रदेशच्या कायद्यात स्थानिक कराबरोबर वसूल होणारा ग्रंथालय उपकर आणि जिल्हा ग्रंथालय संस्था यांची तरतूद होती. तेलंगणात हीच व्यवस्था पुढे चालू राहिली. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. तेथे लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान दिले जाते. परिणामी पैनगंगेच्या एका तीरावरील सेवक जिल्हा संस्थेचा, तर दुसऱ्या तीरावरील सेवक बहुधा एखाद्या लहानशा कार्यकारी मंडळाचा. दोघांच्या कपाटात मराठी पुस्तके असतील, पण त्यांचे प्रशिक्षण, त्यांची भाषा आणि त्यांना मिळणारे संगणक वेगवेगळ्या राजधान्यांतून ठरू लागले. पुस्तकांची देवघेव तर दूरच, एकमेकांची यादी पाहण्याचीही सोय दीर्घकाळ नव्हती.

संगणक आला, लिपी अडली

१९८५ मध्ये युनेस्कोने लहान संगणकावर चालणारी सीडीएस-आयसिस ही ग्रंथनोंदीची प्रणाली काढली. भारतात निसॅट या शासकीय योजनेमार्फत ती ग्रंथालयांना मिळू लागली आणि तिच्या प्रशिक्षणाचे वर्ग भरू लागले. आपल्याकडील एका संपूर्ण पिढीने संगणकावरील ग्रंथनोंदीची बाराखडी याच प्रणालीवर गिरवली. १९८८ मध्ये दिल्लीत डेलनेटचे काम सुरू झाले. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्फ्लिबनेट प्रकल्प हाती घेतला. २००० च्या सुमारास महाविद्यालयांसाठी सोल ही प्रणाली आणि पाठोपाठ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली उपलब्ध झाली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा भागातील ग्रंथालयाने २००० मध्ये कोहा ही खुली प्रणाली वापरात आणली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा होतो. हैदराबादेत तयार झालेली न्यूजेनलिब ही प्रणाली २००५ मध्ये आली आणि २००८ मध्ये तीही सर्वांसाठी खुली करण्यात आली.

यादी मोठी दिसते, पण सीमाभागातील सेवकाची खरी अडचण प्रणालीची नव्हती, लिपीची होती. सुरुवातीच्या प्रणाली रोमन लिपीसाठी घडवलेल्या होत्या. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रामुळे आणि इस्की या संकेतप्रणालीमुळे भारतीय लिपी पडद्यावर आल्या. मात्र त्यासाठी बराच काळ संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे. बाजारातील मराठी फाँट वापरून जी नोंद केली जाई, तिच्या मुळाशी प्रत्यक्षात रोमन चिन्हांचेच संकेत असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘ज्ञानेश्वरी’ऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. उर्दूसाठी १९९० च्या दशकात इनपेज आले आणि नस्तालीकमधील छपाई सोपी झाली. पण छपाईसाठी तयार केलेला मजकूर ग्रंथनोंदीत शोधता येतोच असे नाही.

परिणाम असा झाला की पुष्कळ ठिकाणी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत, कानाला लागतील तशी टंकलिखित झाली. याचा मोठा पुरावा म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा प्रकल्प. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने लाखो पुस्तकांच्या प्रतिमा घेण्याचे काम सुरू झाले. हैदराबाद हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. जुनी मराठी, उर्दू आणि तेलुगू पुस्तके त्यात आली. परंतु नावे रोमन लिपीत आणि अनेक चुकांसह नोंदवली गेल्यामुळे नेमके पुस्तक शोधणे हे कसबाचे काम होऊन बसले. प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. त्यांपैकी बरीच पुस्तके आता इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, पण नावांच्या चुकाही बरोबर गेल्या आहेत. यंत्राने पान टिपले, तरी ते पुस्तक कोणते हे सांगणारा जाणता सेवक साखळीत नसेल तर काय होते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही.

युनिकोड आणि गुंजाला

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी, तेलुगू आणि अरबी या तिन्ही लिपी होत्या. प्रत्यक्ष संगणकावर त्या सहज वापरता येण्यास आणखी काळ गेला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची आणि त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमध्ये तेलुगूची सोय झाली. एकाच नोंदीत मराठी, तेलुगू आणि उर्दू नाव शेजारी लिहिणे तेव्हा कुठे शक्य झाले.

आदिलाबादच्या सेवकासाठी येथे एक उपयुक्त गोष्ट आहे. इनस्क्रिप्ट या मान्य कळफलकात ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींची रचना सारखी ठेवली आहे. ‘क’ची कळ देवनागरीत जेथे, तेथेच ती तेलुगूतही. म्हणजे मराठी टंकलेखन शिकलेल्या सेवकाला तेलुगू अक्षरे वाचता येत असतील, तर बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही. उर्दूचा कळफलक अर्थात वेगळा आहे. तो बहुधा ध्वनीनुसार शिकवला जातो.

तथापि, युनिकोडमुळे सर्व प्रश्न सुटले असे समजू नये. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकलिखित होतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, संगणकाला दोन वाटतात. उर्दू ‘ये’ आणि अरबी ‘ये’ शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, पण त्यांचे संकेतांक भिन्न आहेत. शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर मिळते की पुस्तक उपलब्ध नाही, आणि पुस्तक मात्र दोन हातांवर उभे असते. नवे साधन शिकणे म्हणजे कोणती कळ दाबावी एवढेच नव्हे. साधन कोठे फसते हे ओळखणे, हा त्यातील अधिक महत्त्वाचा भाग आहे, आणि तो भाषा जाणणाऱ्यालाच जमतो.

या संदर्भात गुंजाला गावाची हकीकत मोलाची आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडलातल्या या गावी २००६ मध्ये गोंडी भाषेची, स्वतंत्र लिपीत लिहिलेली हस्तलिखिते अभ्यासकांच्या नजरेस आली. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास पुढे नेला. ही लिपी वाचू शकणारी मोजकीच वयस्क मंडळी गावात उरली होती. त्यांच्याकडून अक्षरे समजून घेण्यात आली, फाँट तयार झाला, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत गुंजाला गोंडी लिपीचा समावेश झाला. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली दुसरी गोंडी लिपी त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, समाविष्ट झाली होती.

मारलवाईत १९४३ मध्ये गोंडीसाठी देवनागरी उसनी घ्यावी लागली. आता त्याच जिल्ह्यातील ग्रंथालयाला गोंडी पुस्तकाचे नाव गोंडी लिपीत नोंदवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. शक्यता आणि नोंद यांमध्ये उभा आहे तो सेवक. त्याला ही लिपी संगणकावर कशी आणायची हे कोणी दाखवले नाही, तर युनिकोडमधील तो तक्ता कागदावरच राहील.

तेवीस छोट्या गोष्टी

आंतरजालावरील साधने ग्रंथालय सेवकाला कशी शिकवावीत याचा जगभर गाजलेला एक प्रयोग २००६ मध्ये अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात झाला. हेलीन ब्लोवर्स या तेथील तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी व्याख्यानांचा अभ्यासक्रम न करता तेवीस छोट्या गोष्टींची यादी केली. छायाचित्र चढवून पाहा, खुणा घालून दुवे साठवा, सामायिक कागदावर एकत्र लिहा, अशा स्वरूपाची ती कामे होती. पद कोणतेही असो, प्रत्येक कर्मचाऱ्याने आपापल्या गतीने ती करून पाहायची. पूर्ण करणाऱ्याला गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र बक्षीस मिळे. हा आराखडा सर्वांना मोफत वापरू दिल्यामुळे अनेक देशांतील ग्रंथालयांनी तो आपापल्या परीने राबवला.

त्या यादीतील कित्येक साधने आज बंद पडली आहेत किंवा विस्मृतीत गेली आहेत. तरीही प्रयोग फुकट गेला असे म्हणता येत नाही. न घाबरता नव्या साधनाला हात लावण्याची सवय लागणे, हा त्याचा खरा लाभ होता. साधन जाते, सवय राहते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ओसीएलसी या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय संस्थेने तालिकापत्रे छापणे कायमचे थांबवले. ज्यांनी आयुष्यभर पत्रे लिहिली, त्यांचे वर्गीकरणाचे ज्ञान मात्र त्या दिवशी निरुपयोगी झाले नाही.

आपल्याकडेही साधनांची कमतरता राहिलेली नाही. २०१० पासून एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके आणि पुस्तके मिळू लागली. फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय अभियानाचा आरंभ झाला. त्याच्या उद्दिष्टांत कर्मचाऱ्यांची क्षमतावाढ हा विषय होता. जून २०१८ मध्ये भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. उर्दूसाठी रेख्ताचे ई-ग्रंथालय आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या सर्वांचे महत्त्व एका आठवड्यात पटले. ज्या सेवकाला विद्यार्थ्याच्या फोनवर योग्य दुवा पाठवता आला, त्याचे ग्रंथालय कुलूप असतानाही उघडे राहिले.

पगडींच्या नावाची नोंद

आता वर उल्लेखिलेल्या पगडींच्या नावाकडे वळू. मराठीत त्यांचे नाव सेतुमाधवराव पगडी. इंग्रजी पुस्तकांवर ते कधी एका शब्दात, कधी दोन शब्दांत येते. आडनावाचे रोमन लेखनही एकच नाही. उर्दू आणि तेलुगूत लिहिले तर आणखी दोन रूपे. आदिलाबादचा एखादा विद्यार्थी गोंडांवरील त्यांचे लेखन शोधू लागला, तर त्याने कोणते रूप टंकलिखित केले यावर त्याला मिळणारे उत्तर अवलंबून राहील. कार्डाच्या काळात जाणता ग्रंथपाल यासाठी ‘पाहा’ असे निर्देशपत्र लिहून ठेवी. आंतरजालावर हेच काम आता एका क्रमांकाखाली नावाची सर्व रूपे जोडून होते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटामध्ये कोणीही अशी भर घालू शकतो. त्यासाठी शुल्क नाही, मोठा संगणक नको, पण उर्दू, तेलुगू किंवा मराठी रूप अचूक लिहिणारी व्यक्ती हवी. अशी माणसे महानगरातील मोठ्या ग्रंथालयांपेक्षा सीमाभागातील लहान ग्रंथालयांत मिळण्याचा संभव अधिक आहे. ज्याला आपण मागासलेला कोपरा म्हणतो, तेथील बहुभाषिकता हे येथे भांडवल ठरते.

निष्कर्ष

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जेथे सेवकाला नोकरीच्या वेळेत शिकण्याची मुभा मिळाली तेथे नवी साधने रुजली. असदुल्लाह यांचा वर्ग ग्रंथालयातच भरत होता. दुसरी, शिकणे छोट्या आणि आपल्या कामाशी जोडलेल्या कृतींतून झाले पाहिजे. शार्लटच्या तेवीस गोष्टी यासाठीच यशस्वी झाल्या. तिसरी, एका वेळी एकच गोष्ट नवी असावी आणि भाषा ओळखीची असावी, हे मारलवाईने दाखवून दिले. चौथी, यंत्र पुस्तकाचे पान टिपू शकते, पण पुस्तकाची ओळख भाषा जाणणारा माणूसच करून देतो. लाखो पुस्तकांच्या चुकलेल्या नावांनी ही गोष्ट सिद्ध केली आहे.

आपल्या महाविद्यालयांत यावरून काय करता येईल? ग्रंथनोंदीचे काम बाहेरच्या टंकलेखकाला ठेक्याने देऊन टाकण्याची प्रथा अनेक संस्थांत आहे. खर्चाच्या दृष्टीने ती सोयीची वाटते, पण काम संपताच ज्ञानही बाहेर जाते आणि चुका मागे राहतात. त्याऐवजी आठवड्यातून दोन तास देवघेव बंद ठेवून ते सेवकाच्या शिक्षणासाठी राखून ठेवावेत. उर्दू, मराठी आणि तेलुगूच्या अध्यापकांनी आळीपाळीने त्याच्याजवळ बसून आपापल्या भाषेतील दहा-दहा पुस्तकांची नावे युनिकोडमध्ये तपासून द्यावीत. विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी गोंडी किंवा कोलामी बोलली जाते, त्यांनाही या कामात सामावून घ्यावे. दहा पुस्तके म्हणजे फार नव्हेत. परंतु वर्षभर हे चालले तर एका लहान ग्रंथालयाच्या जुन्या उर्दू आणि मराठी कपाटाची शुद्ध यादी तयार होऊ शकते. ती यादी आंतरजालावर गेली की पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरून पाहता येईल.

फारसीकडून उर्दूकडे, उर्दूकडून तेलुगू आणि इंग्रजीकडे, नोंदवहीकडून संगणकाकडे असे प्रत्येक स्थित्यंतर आदिलाबादच्या दप्तरातील माणसाने पार केले आहे. त्याला शिकता येत नाही हा समज इतिहासाला धरून नाही. त्याच्याजवळ बसायला कोणी आले की नाही, एवढाच प्रश्न दरवेळी होता. आजही तो तेवढाच आहे.